ब्रेकचा आवाज कायमचा बंद

३ मार्च, सोमवार
ब्रेक मारला की मोटारसायकल किंचाळते. आज ऑफिसच्या गेटवर वॉचमनने कानांत बोटं घातली आणि साहेबांनी खिडकीत येऊन हातातलं घड्याळ पाहिलं. चालणार नाही. रविवारी स्वतः दुरुस्त करणार. मेकॅनिककडे न्या, असं बायको म्हणाली. म्हटलं, बारावीला फिजिक्समध्ये एकसष्ट होते मला. ती आत निघून गेली. पटलं असावं.

९ मार्च, रविवार
सकाळी : निदान झालं. कोरडेपणा. दाराची बिजागरी कुरकुरली तर आपण तेलच घालतो ना. ब्रेक काय आभाळातून पडलाय?
दुपारी : दोन्ही चाकं उघडली. ब्रेकवर बायकोच्या शिलाई मशीनचं तेल सोडलं. सढळ हाताने. बाटलीत थोडं उरलं होतं, तेही ओतलं.
संध्याकाळी : ट्रायल. ब्रेक दाबला. आवाज शून्य. गाडी थांबायला जरा वेळ घेते. तेल नवीन आहे, रुळेल. फाटकाशी थांबायचं होतं, शेजाऱ्यांच्या झुडपात थांबलो.

१० मार्च
ऑफिसला वेळेआधी पोचलो. गेटवर थांबणं जमलं नाही, पार्किंगमध्येही नाही. मागच्या गेटने बाहेर पडून पुन्हा पुढून आलो. वॉचमनने दोन्ही वेळा सलाम केला. गाडी शांत असली की माणसं किती नीट वागतात.

११ मार्च
नवं तंत्र. ॲक्सिलरेटर आधीच सोडायचा आणि शक्यतो चढावर थांबायचं. म्हणून चढाचा रस्ता धरला. येताना तोच रस्ता उतार होतो, हे लक्षात आलं नव्हतं. घर मागे पडलं.

१२ मार्च
डबा विसरलो. परत आलो तर बायको डबा घेऊन फाटकात उभी. पहिल्या फेरीत हुकला, दुसऱ्या फेरीत मिळाला. थांबत का नाही, असं ती ओरडून विचारत होती. उशीर झालाय म्हणालो. खरंच झाला होता.
चपलांचे तळ गेले. हल्ली काही टिकतच नाही.

१४ मार्च
सासरे आलेत. उद्या त्यांना डोळे तपासायला न्यायचंय. बसने न्या, बायको म्हणाली. घरचा जावई असताना बस कशाला? सासरे म्हणाले, मला गाडी चालेल.

१५ मार्च, शनिवार
सकाळी : निघालो. दवाखाना आला. सासऱ्यांना दाखवला. गेला. वळसा घालून पुन्हा आलो. जावईबापू, हा मघाशी पाहिला होता, ते म्हणाले. म्हटलं, या डॉक्टरांच्या शाखा बऱ्याच आहेत. मग टेकडीचा चढ धरला. गाडी मंदावली. त्यांना घर्षणाचं शास्त्र समजावून सांगितलं, चढ संपून उतार लागला तरी सांगत होतो. मध्ये एकदाही बोलले नाहीत. असा श्रोता दुर्मीळ. खाली वाळूच्या ढिगात थांबलो. वळून पाहिलं, तर मागे कोणी नाही.
संध्याकाळी : सासरे घरी आहेत. चढावर गाडी हळू झाली तेव्हा त्यांनी दोन्ही पाय टेकवले आणि उभे राहिले. गाडी खालून निघून गेली. हाका मारल्या म्हणे. मग चालत दवाखान्यात गेले. डोळे उत्तम आहेत. आत मुलीशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. माझ्या व्याख्यानाबद्दल असावं.

१६ मार्च, रविवार
मला न विचारता बायकोने मेकॅनिकला घरी बोलावलं. ब्रेक लायनर तेलात भिजलेत म्हणाला, बदलून गेला. तेलाची कल्पना कोणाची, असं त्याने विचारलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणून मीही काही बोललो नाही. गाडीची किल्ली तिने स्वतःच्या पर्समध्ये टाकली. मी हसलो. तिला कुठे गाडी येते?

१७ मार्च, सोमवार
येते. लग्नाआधी सासऱ्यांनी शिकवली होती. तुम्ही कधी विचारलंच नाही, म्हणाली. आज तिनेच मला ऑफिसला सोडलं. वाटेत सिग्नल लागला, तिथे थांबली. गतिरोधकावर हळू झाली. मी दोन्ही वेळा पाय खाली टेकवले. पाय वर घ्या, असं तिने सांगितलं. मग गाडी कुठेतरी उभी राहिली. पुढे जाईल म्हणून मी बसून होतो. मागून एक स्कूटरवाला हॉर्न देत होता.
अहो, उतरा, बायको म्हणाली. ऑफिस आलं.
उतरलो.