माझ्या सुरात लावलेल्या पेट्या

१२ जानेवारी, सोमवार. सातारा

जुन्या स्पीकरवर जीव लावून बसलेल्या मित्रांनो, आपल्याला आयुष्यभर भुशाच्या पेट्यांतून गाणं ऐकवलं गेलं आहे! भुसा, डिंक आणि वर लाकडाच्या रंगाचा कागद. दोन पावसाळ्यांत पेटी फुगते, कोपरे सुटतात आणि दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. आतला स्पीकर धडधाकट असतो, तरी...

इथवर कालचं कराडचं भाषण. टाळ्या भरपूर. रोजनिशी लिहितानाही डावा हात वर जातो माझा, काय करणार.

टाळ्यांच्या भरात पुढचंही बोलून गेलो. मिरजेचे माझे मित्र बाबूभाई, तीन पिढ्यांचे तंबोरे करणारे, त्यांनी माझ्या जुन्या स्पीकरना अस्सल लाकडाच्या पेट्या केल्यात. पंचवीस तारखेला साताऱ्यात वाचनालयाच्या हॉलमध्ये या, ऐका आणि आपापलं काम त्यांच्याकडे द्या.

पेट्या मी अजून पाहिलेल्यासुद्धा नाहीत. नुसता नकाशा काढून दिला होता. परतताना गाडीत सुमन (माझी पत्नी, माझ्या प्रत्येक सभेची पहिल्या रांगेतली टीकाकार) एवढंच म्हणाली, "आवं, आधी ऐकायचं, मग बोलायचं."

१५ जानेवारी, गुरुवार. मिरज

बाबूभाई (इथून पुढे बा.भा.) आता बहात्तर. भिंतीला चार अर्धवट तंबोरे, खाली भोपळे वाळत पडलेले, त्यांवर धूळ. नवं काम बरेच महिने नाही. मुलगा सलीम दाराशीच भेटला. ईदनंतर दुकान मोबाइलवाल्याला भाड्याने द्यायचं त्याने जवळजवळ ठरवलंय. म्हणाला, "सर, अब्बांना काम असंल तर मी कशाला बंद करू? पंचवीसला तुमच्या लोकांनी कामं दिली तर मी गप बसतो. न्हाई दिली तर तुमीच समजवा त्यांना."

म्हणजे कराडला मी जे बोललो ते इथे पोचलंय. आणि त्यावर एका माणसाचं दुकान उभं राहिलंय.

पेट्या मात्र! तूनचं लाकूड, लाखेचं पॉलिश, सांधा नखाला लागत नाही. बा.भां.नी बोटाच्या पेराने टकटक केलं. पेटीने लांबलचक उत्तर दिलं. डोळे मिटून म्हणाले, "बोलतीय बघा."

मी पण डोळे मिटले. काय ऐकायचं ते कळलं नाही. मान डोलावली.

१६ जानेवारी, शुक्रवार

पेट्या काल घरी आणल्या, सकाळी त्यांत स्पीकर बसवले. आधी माझं गेल्या वर्षीचं फलटणचं भाषण लावलं (दुसरं काही हाताशी नव्हतं, असं सुमनला सांगितलं). अंगावर काटा आला. एवढा भारदस्त मी कधी होतो? देवळाच्या गाभाऱ्यातून बोलल्यासारखं. तीनदा ऐकलं.

मग गाणी. पहिलं, पुरुषाचं, अप्रतिम. दुसरं, तेही पुरुषाचं, पण गढूळ. शब्दामागे शब्दाची सावली. तारा उलट्या लावल्या असतील म्हणून तपासल्या, नव्हत्या. पेट्या भिंतीपासून पुढे ओढल्या. डावी उजवीकडे नेली. गढूळच. परत पहिलं लावलं, अप्रतिम.

काही समजत नाही.

१८ जानेवारी, रविवार

सुमन म्हणाली, "सारखं आपलंच काय ऐकताय? माझं लावा की." तिच्या भजनी मंडळाचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग. लावलं. अर्धा मिनिट ऐकून पदर खोचत उठली.

"ही कोण बाई?"

"अगं, तूच."

"ह्यो माझा आवाज न्हाई. रांजणात तोंड घालून कोणतरी म्हणतंय."

मी म्हटलं, पेटी नवी आहे, मोकळी व्हायला वेळ लागतो. असं काही नसतं. मला ठाऊक आहे की नसतं. तरी ठासून सांगितलं, आणि सांगताना मला ते पटतही होतं.

१९ जानेवारी, सोमवार

मागचं झाकण उघडून लाकडाची जाडी मोजली. पाव इंच! नकाशात मी पाऊण इंच लिहिलं होतं, लाल शाईने. पेटी मुकी असावी, बोलायचं ते स्पीकरने, हे या विषयावरच्या कुठल्याही पुस्तकाचं पहिलं पान. आणि ही पेटी स्पीकरच्या जोडीने स्वतः गाते.

संताप. अंघोळ करताना बा.भां.ना सुनावायचं अख्खं भाषण तयार झालं. कारागिराचं स्वातंत्र्य आणि दिलेला शब्द, वगैरे. फोन लावला.

"कसं वाजतंय, सर?"

"छान."

चाळीस वर्षं व्यासपीठावर. तोंडून निघालं काय, तर छान.

२१ जानेवारी, बुधवार

राहवेना, गेलो मिरजेला. या वेळी सांगितलं. तंबोऱ्याच्या भोपळ्यावरच्या तबलीसारखी पातळ फळी का लावलीत, कागदावर पाऊण इंच स्पष्ट लिहिलं होतं.

"पाऊण इंचाचं लाकूड कवा बोललंय का, सर? ते दार झालं."

"पेटीने बोलायचंच नाहीये, बाबूभाई."

 त्यांनी हातातला भोपळा खाली ठेवला. "आमच्यात गिऱ्हाईक आलं की पैला सवाल, गळा कुणाचा? बाईचा का बाप्याचा? सूर कुठला? त्याबिगर लाकडाला हात लावत न्हाई. तुमी ते कागदावर लिवलंच न्हाई. मग मी इचार केला, ह्यांच्या घरात बोलणार कोण? तुमीच!"

सलीम फसकन हसला. मलाही हसू आलं, पण अर्धवटच.

"मार्केटात तुमची भाषणं ऐकलीत की. गळा चढला की बरूबर काळी एकला येऊन बसतो. तंबोऱ्यावर लावून बघितलं मी. दोनी पेट्या त्या सुरात लावल्यात. चार डाव तासल्या."

म्हणजे शुक्रवारी मला काटा आला तो याचा. माझ्या आवाजाला कुणी एवढं कान देऊन ऐकलेलं नाही. पहिल्या रांगेतल्या सुमननेही नाही. आणि मी त्या माणसाला नकाशा दाखवत होतो.

तरी म्हटलं, आत आडव्या पट्ट्या मारू, लोकर भरू, सगळ्यांचे आवाज सरळ येतील.

"म्हंजे तोंडात बोळा." आवाज चढला नाही त्यांचा. "मारा. पेटी तुमची हाय. पण मग तितं माझं नाव सांगू नका."

निघताना मागून विचारलं, "बाईचा गळा लावून बघितला का?"

"बघितला. घुमतो."

"घुमणारच. बाईला येगळी पेटी लागंल."

एसटीत कराडपर्यंत हाच घोळ. चूक कुणाची? त्यांनी सांगितलेलं केलं नाही. मी सांगायचं ते सांगितलं नाही. प्रत्येक आवाजाला वेगळी पेटी, हा वेडेपणा की...

२३ जानेवारी, शुक्रवार

पट्ट्या कापून आणल्या. लोकर आणली. झाकण उघडं ठेवून सकाळभर समोर बसलो. पट्टी मारली तर आवाज खरा होईल आणि बा.भा. नाव काढून घेतील. नाव नाही तर कामं कुणाला द्यायची? नाही मारली तर लोकांना घुमणारी पेटी अस्सल म्हणून ऐकवायची.

तिसरी वाट दुपारी सुचली. फक्त काळी एकची, पुरुषांचीच गाणी लावायची. यादी केली, नऊ निघाली. मधे माझं फलटणचं भाषण. कुणाला काही कळणार नाही, सगळे थक्क होतील, बा.भां.ना कामं मिळतील. सगळं जुळतंय.

यादी सुमनला वाचून दाखवली. "बायका यायच्या न्हाईत व्हय कार्यक्रमाला?"

"येतील की. ऐकायला."

"मग बराय," म्हणाली आणि आत गेली.  ती भांडली असती तर उत्तर होतं माझ्याकडे.

उद्या लोकांनी घरचे स्पीकर मिरजेला पाठवले, पेट्या करून नेल्या, आणि मग त्यांच्या घरातल्या बाया म्हणाल्या, ही कोण? तेव्हा बा.भां.चं नाव जायचं ते जाईलच. फक्त मी तिथे नसेन.

यादी फाडली नाही. खिशात आहे.

२४ जानेवारी, शनिवार

बा.भां.ना फोन. सांगितलं, पट्ट्या मारत नाही. पेट्या जशा आहेत तशाच लावतो, तुमच्या नावाने. पण कुणासाठी आणि कुठल्या सुरात केल्यात तेही सांगतो, आणि बाईचा आवाजही लावतो.

"सगळ्यांम्होरं?"

"हो."

"घुमंल की वो, सर."

"घुमेल. म्हणून तर तुम्ही यायचं. विचारतील त्यांना गळ्याचं तुम्हीच सांगा. मला नीट सांगता येणार नाही."

मागे सलीमचा आवाज आला, काय म्हणतायत म्हणून.  बा.भा. मला म्हणाले, "बघू," आणि फोन ठेवला.

याला मी काय केलं म्हणायचं? खरं बोललो, की खऱ्यासाठी दुसऱ्याचं दुकान लावलं पणाला? नेहमी मला हे लगेच कळतं.

२५ जानेवारी, रविवार. सकाळी

पेट्या गाडीत ठेवल्या, मधे गोधडी. हॉलवर दहाला पोचायचं. मिरजेचा फोन बंद लागतोय. सलीमला केला. म्हणाला, अब्बा पहाटेच घरातून गेलेत. स्टँडवर गेले का दुकानात, माहीत नाही.

आज भाषण नाही. मुद्दे काढले होते, ते घरीच ठेवले. उभं राहून एवढंच म्हणायचं:

मित्रांनो, ज्यांच्या मोबाइलमध्ये आपल्या घरातल्या बाईचा आवाज असेल, त्यांनी आत्ता पुढे या आणि मी काही बोलायच्या आधी तो या पेट्यांवर लावा.