स्वयंपाकघराखालचा तिसरा खांब

शनिवार, १३ ऑक्टोबर १९८४, श्रूजबरी

आज स्वयंपाकघराखालचा तिसरा कुजका खांब बदलला. कंत्राटदार नको, आपणच करू, हा हट्ट माझा. हे रांगत लाकडी घराखालच्या पोकळीत गेले, जॅक लावून घर तसूतसूने उचलू लागले. मी वर उभं राहून दाराची चौकट बघायची, वाकडी झाली की ओरडायचं. एवढंच माझं काम.

उभ्या उभ्या मी जप करत होते. खालून हाक आली, "अगं, चौकट ठीक आहे ना?" माळेचे दहा-बारा मणी राहिले होते. मी मणी ओढत राहिले. पुन्हा हाक, "अगं, आहेस ना वर?" तरी मी माळ पुरी केली, मग "ठीक आहे" म्हटलं. चौकटीकडे पाहिलं तेही त्यानंतर.

घर यांच्या छातीवर टेकलं असतं तर? दहा-बारा मण्यांसाठी देव रागावला असता का? वाटलं रडू येईल. तेही आलं नाही.

हे मातीने माखून वर आले, हसत म्हणाले, "बहिरी झालीस की काय? पण तू वर होतीस ना, म्हणून धीर होता."

मी म्हटलं, "हातपाय धुवा, पानं घेते."