दादाचा अर्धा कान

४ फेब्रुवारी २०२५

आज आकारामच्या हातावर लाकडी मोगरी घातली. दोन हाडं मोडली. आवाज ऐकला मी — वाळलेला सागवान फुटतो तसा.

चूक त्याची! बावीस वर्षं शेजारच्या बाकावर काम करतोय, त्याला माझा स्वभाव माहीत आहे. फौंड्रीचा पॅटर्न होता, ओतकामाचा लाकडी नमुना, मी त्याची कड घासत होतो. हा मागून आला आणि मानेवरून बोटं फिरवली. गंमत म्हणे. पुढचं सगळं आठवत नाही. मोगरी हातात होती, त्याचा हात बाकावर होता. एकदा मारली. दुसऱ्यांदा उचलली तेव्हा तिघांनी धरलं. त्यातल्या एकाच्या नाकावर माझं डोकं बसलं, त्याचंही रक्त.

मालक म्हणाले, मोगरी निसटली असं लिहून दे, मिटवतो. मी म्हटलं, निसटली नाही, मारली. दुसऱ्यांदाही मारणार होतो. मालक कपाळाला हात लावून बसले.

शेवटी ठरलं ते असं — पंधरा दिवसांत डॉक्टरचा कागद आणायचा, डोकं ठिकाणावर आहे की नाही त्याचा. नाहीतर आकाराम पोलिसांत जाणार आणि मी घरी बसणार. माझ्या वयाच्या तापट पॅटर्नवाल्याला अख्ख्या कोल्हापुरात कोण दारात उभं करणार आहे?

५ फेब्रुवारी

पूर्णिमा बोलत नाही, भांडी आपटते. प्रत्येक भांडं माझ्या दातांत वाजतं. संध्याकाळी तिच्या हातातली परात हिसकावली आणि भिंतीवर फेकली. गिलावा पडला.

ती म्हणाली, "उद्या मला बी माराल तुम्ही." सत्तावीस वर्षांत बायकोवर हात उचललेला नाही. पण ती विचारत नव्हती, सांगत होती.

७ फेब्रुवारी

सरकारी दवाखाना. डॉक्टर पोरसवदा, शांभवी नाव, बोलण्यात कानडी हेल. वाटलं, गोळ्या लिहून देतील आणि सुटलो. कसलं काय! दीड तास नुसते प्रश्न. समोरच्याच्या डोळ्यांत बघता का? कुणाचा हात नुसता लागून गेला तर? शर्टाची कॉलर टोचते का? झोप कशी लागते?

सगळं सांगितलं. मे महिन्यातसुद्धा अंगावर दोन वाकळा लागतात, वजन नसलं तर डोळा लागत नाही. पूर्णिमा त्याला जित्यापणीची समाधी म्हणते. डॉक्टर हसल्या नाहीत, लिहून घेतलं.

मग म्हणाल्या, "काका, हे ऑटिझम असू शकतं. जन्मापासूनचं." मी म्हटलं, ते लहान पोरांना असतं, माझं वय त्रेपन्न. त्या म्हणाल्या, "ती पोरं मोठी होतात की."

बाहेर येऊन स्वतःच्याच स्कूटरला लाथा घातल्या. आरसा फुटला, वॉचमन धावत आला. राग नक्की कुणाचा ते कळेना. लहानपणी आबा, माझे वडील, रोज थोबाडीत देत होते — बघ, माझ्या डोळ्यांत बघ! म्हणजे उगाचच देत होते!

८ फेब्रुवारी

कागद असा हातोहात मिळत नाही. एक फॉर्म दिलाय. मी दहा वर्षांचा व्हायच्या आधी मला ज्यानं जवळून पाहिलंय, त्यानं तो भरायचा. आई नाही, आबा नाहीत, मामा गेल्या वर्षी गेले.

उरला दादा.

९ फेब्रुवारी

दादाचं लिहायला पाहिजे. आजवर कुठं लिहिलं नाही.

आबा तालमीचे वस्ताद. दादा — विजयसिंह — माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, आबांचा जीव की प्राण. मी अकरा वर्षांचा आणि मातीत पाय ठेवत नव्हतो. तेल, ताक, हळद घालून मळलेली ती लाल माती अंगाला लागली की कातडी सोलल्यासारखं व्हायचं. वस्तादाचा पोरगा मातीला भितो! सगळी पेठ हसायची.

एका सकाळी आबांनी दंडाला धरून मला आखाड्यात फेकलं. बाहेर पळालो की निरगुडीचा फोक, आत राहिलो की माती. पाठ फुटली. मी किंचाळत होतो. आबा ओरडले, "विज्या, चोळ त्याला माती! आवळ!" दादानं मागून येऊन मला आवळलं. माझे दोन्ही हात माझ्याच छातीशी जखडले. श्वास अडकला. मी मान वळवली आणि दातात आलं ते तोडलं. अर्धा कान. तोंडात रक्त, माती आणि ते. मातीतच थुंकलो.

दुसऱ्या दिवशी मला कबनूरला मामाकडं धाडलं. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलो. दादाशी बेचाळीस वर्षांत एक शब्द नाही. आबांच्या मातीलाही लांबच उभा राहिलो.

पश्चात्ताप नाही. खोटं कशाला लिहू? तो मला मारत होता, मी जीव वाचवला.

१० फेब्रुवारी

सोमवार, उद्यमनगरच्या कारखान्यांना सुट्टी. मला आता रोजच सोमवार. कळंब्याला गेलो.

दादा म्हशी धूत होता. केस पिकलेत, खांदे तेच. मला बघून त्यानं टोपी काढली आणि तुटका कान माझ्याकडं केला. म्हणाला, "आलास व्हय? दुसरा हाय अजून."

फॉर्म पुढं केला. काय, कशासाठी, ते सांगितलं. त्यानं पहिलं पान वाचलं. "म्हंजे तुझा काय दोष न्हाय, असं लिवून पायजे तुला."

मी होय म्हटलं. तेच तर पाहिजे होतं.

त्यानं फॉर्म शेणात टाकला. मी त्याच्या छाताडावर गेलो. त्याची एकच थप्पड बसली, ओठ फाटला. मी लोखंडी बादली उचलून त्याच्या गुडघ्यावर घातली. तो खाली बसला आणि बसल्या बसल्या माझा पाय ओढला. दोन म्हातारे शेणात लोळतायत! म्हशी दावं तोडायला लागल्या. शेवटी बाळाबाई वहिनी दांडकं घेऊन मध्ये पडल्या.

दाढ हलते आहे. फॉर्म तिथंच राहिला.

१४ फेब्रुवारी

आकाराम आला, हात गळ्यात अडकवलेला. चहा घेतला. म्हणाला, "लेका, चुकून झालं एवढं म्हण की. मी सोडून देतो." तोंड उघडलं, पण म्हणता येईना. चुकून नव्हतंच ते. तो उठून गेला. पूर्णिमानं कप विसळताना मला मूर्ख म्हटलं, बरोबरच आहे.

१७ फेब्रुवारी

परवा मुदत संपते.

पूर्णिमा मला न सांगता कळंब्याला जाऊन आली. फॉर्म घेऊन आली. पुसून वाळवलेला, कोपऱ्यावर हिरवट डाग. भरलाय म्हणाली. आत काय आहे ते तिनं सांगितलं नाही. मी उघडला नाही.

१८ फेब्रुवारी

उघडला. बाकीच्या प्रश्नांना दादानं नुसतं व्हय-न्हाय लिहिलंय. एकाच ठिकाणी ओळी भरून कागदाच्या कडेपर्यंत गेलाय. प्रश्न असा — मूल बिथरल्यावर कशाने शांत होत असे?

"मागनं दोन्ही हातांनी गच्च आवळून धरलं की गप व्हायचा. आईनं मला शिकिवलेलं. लई येळा धरलाय. त्या दिवशी बी तसाच धरलेला. माती चोळली न्हाय मी."

मला वाटलं होतं, तो मारतोय.