एकादशीला बांगडा

भांडुप, फाल्गुनातली एकादशी, १९८६

लिही गं सुमे, आजी सांगते तसं वहीत उतरव, हसू नकोस.

तुझ्या वसंतकाकाने दारू सोडून दोन महिने झाले, तरी डोकं ताळ्यावर नाही. सकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्लीन. तासाभराने विचारलं, "काय खाल्लंस रे?" म्हणे, "बांगडा. झकास होता!" एकादशीला, माझ्या घरात! डॉक्टर म्हणतात, तो मुद्दाम खोटं बोलत नाही. दारूने आठवण पोखरली की डोकंच मिळेल त्याने भोकं बुजवतं. पण बांगड्यानेच का?

संध्याकाळी रोज विचारतो, "आये, बाबा कुठे गेले?" त्यांना जाऊन महिना झाला. रोज खरं सांगते, रोज तो नव्याने रडतो.

आज म्हटलं, "गावाला गेलेत." खुदकन हसला.

त्याचं दारूने झालं. मी तर थेंबही घेतला नाही, आणि उद्याही हेच खोटं सांगणार.