काळीज, अर्थ पहिला

४ फेब्रुवारी

चि. बारक्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तू शेहेचाळीस वर्षांचा झालास, चष्मा लागला, टक्कल पडत चाललं, तरी पत्राच्या डोक्यावर हेच नाव येणार. तक्रार असेल तर पत्राने कळव. फोनचं नाव काढू नकोस. तुमच्या शब्दकोशाच्या कचेरीत फोन लावला की उचलणारा माणूस “साहेब कोशात आहेत” असं सांगून ठेवून देतो, जसा काही तू रेशमाचा किडाच आहेस.

पत्राला कारण अण्णांचं आहे. गेल्या सोमवारी सकाळी आंघोळ करून आले, पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले की काळजात दुखतंय. बस, एवढंच. चाळीस वर्षं मटणाचं दुकान चालवलं तेव्हाही गिऱ्हाइकाला भाव एकदाच सांगायचे, तो बाणा घरातही कायम आहे. एका हॉटेलच्या बावीस पडद्यांचं काम मशीनवर तसंच टाकून आम्ही दोघं त्यांना घेऊन हृदयाच्या डॉक्टरकडे धावलो. तुझ्या भावोजींनी त्यांना जिन्यावरून जवळजवळ उचलूनच उतरवलं. त्याबद्दल अण्णा त्यांच्याशी अजून धड बोलत नाहीत.

डॉक्टरने कुठे दुखतं म्हणून विचारलं, तर हे भिंतीकडे तोंड करून बसले. शेवटी मीच सांगितलं की काळजात दुखतं, खांदाही धरतो. डॉक्टर म्हणाला की असंच असतं. छातीला तारा लावल्या, पट्टी काढली. पट्टीत विशेष काही नाही, पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पट्टीवर विसंबता येत नाही म्हणे. तीन रंगांच्या गोळ्या दिल्या, जिना बंद केला. घरी येईपर्यंत अण्णांचं एकच पालुपद, की त्या माणसाला काही कळत नाही. मी म्हटलं की इतका शिकलेला माणूस, त्याला कळत नाही आणि तुम्हाला कळतं का. तर म्हणाले, हो.

आता तूच सांग, अशा माणसाचं करायचं काय? निदान दोन ओळी त्यांना लिही. चार वर्षांत एक पोस्टकार्ड नाही. मला मिळतात तेवढीच पत्रं घरात येतात आणि मी ती वाचताना ते मुद्दाम खोकतात.

रागावले आहे, पण माया आहे तशीच आहे. तीत तूही काटकसर करू नकोस.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून घाबरलो. पट्टी चांगली निघाली आहे हे त्यातल्या त्यात बरं. गोळ्या वेळेवर दे. त्यांना लिहायचं मनात रोज येतं. कागद घेतो, ‘ती. अण्णांस’ असं लिहितो आणि पुढे सुचत नाही. शब्दांचीच नोकरी करणाऱ्याची ही तऱ्हा. हसू नकोस.

लगेच निघता येत नाही, कारण शरीराच्या अवयवांचा भाग या महिन्यात छापखान्यात जायचा आहे आणि मी नेमका ‘काळीज’ या शब्दावर अडकलो आहे. आमच्या प्रधान संपादकांनी माझं डोकं उठवलंय. या शब्दाची गंमत ऐक. संस्कृतात ‘कालेय’ म्हणजे यकृत, बहुधा त्याच्या काळपट रंगावरून पडलेलं नाव. त्यावरून आपलं काळीज आणि हिंदीतली कलेजी. म्हणजे काळीज हे मुळात यकृत. पुढे लोकांनी धीर, माया, धास्ती सगळं त्याच अवयवात नेऊन ठेवलं, आणि मग ज्याची धडधड ऐकू येते त्या हृदयावर ते नाव हळूहळू सरकलं. ‘काळजी’ हा शब्दही तिथूनच निघाला असावा.

मी पहिला अर्थ ‘यकृत’ दिला, दुसरा ‘हृदय’. प्रधान संपादक लाल पेन्सिल घेऊन बसले. त्यांचं म्हणणं, पहिला अर्थ मेलेला आहे, काढून टाका. काळजाचा ठोका चुकला असं म्हणतो तेव्हा काय यकृताचा ठोका चुकतो का, असं त्यांनी सगळ्या कचेरीसमोर विचारलं आणि सगळी कचेरी हसली. मी सांगितलं की हा अर्थ मटणवाल्यांत अजून जिवंत आहे. ते म्हणाले, पुरावा आणा. माझ्या आठवणीला पुरावा म्हणत नाहीत.

म्हणून एक काम कर. अण्णा दुकानात यकृताला आणि हृदयाला काय म्हणत, ते त्यांच्याच शब्दांत विचारून कळव. मी विचारलंय असं सांगू नकोस, नाहीतर सांगायचे नाहीत. दुकान बंद केलं त्या दिवशी मी आलो नव्हतो, ते त्यांच्या मनातून गेलं नसणार.

आणि हो, ‘काळजात दुखतंय’ हे तुझ्या पत्रातलं वाक्य इतकं सरळ, इतकं बोलतं आहे, की मी ते कार्डावर उतरवून घेतलं. दुसऱ्या अर्थाचं उदाहरण म्हणून शोभेल.

भावोजींना नमस्कार. लोभ कमी करू नये, कान मात्र खुशाल पिळावा.

तुझा बारक्या


१८ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद वगैरे शेवटी लिहीन, उरले तर.

तुला काही वाटतं की नाही? इथे बाप अंथरुणाला खिळलाय आणि तू त्याचं दुखणं कार्डावर उतरवून घेतोस? शोभेल म्हणे! संध्याकाळ झाली की त्यांना थंडी वाजून ताप भरतो. दोन घास गिळत नाहीत. हृदयाच्या डॉक्टरला कळवलं, तर त्याने एक गोळी वाढवली आणि ताप साधा असेल म्हणाला. हॉटेलवाला पडद्यांसाठी दारात येऊन बसतो. भावोजी कामावरून आले की अण्णांना तासन्‌तास धरून बसतात, आणि अण्णा त्यांना धड बसताही येत नाही म्हणून ओरडतात. आणि या सगळ्यात मी काय करायचं, तर यकृताला काय म्हणतात ते विचारायचं!

तरी विचारलं. चांगुलपणाने नाही, चिडून विचारलं. पाणी पाजताना म्हटलं की तुमच्या चिरंजीवांना माहिती हवी आहे, दुकानात काळीज कशाला म्हणायचे ती. तुझं नाव मुद्दाम घेतलं.

त्यांनी डोळे उघडले. इतके चिडले की उशीवरून अर्धे उठले. म्हणाले, काळीज म्हणजे काळीज, काळंभोर, मऊ, परातीत सगळ्यात जड. उजव्या अंगाला बरगडीखाली असतं. जाड नळ्यांचं गोल असतं ते दिल, ते वेगळं, त्याचं गिऱ्हाईकही वेगळं. कॉलेजला जाईपर्यंत मटण तोडायच्या ओंडक्याशेजारी उभा राहून याने पराती धुतल्या, आणि आता हे पत्राने विचारतो, मग इतकी वर्षं वाचलं काय?

मी गिलास खाली ठेवला. मग विचारलं, अण्णा, दुखतंय कुठे?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जशी मीच वेडी आहे. म्हणाले, तीन आठवडे सांगतोय. माझा हात धरून उजव्या बरगडीखाली नेला. तिथे नुसता हात टेकला तर कळवळले. खांदाही उजवाच धरतो. कोणता खांदा, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं.

रिक्षा आली. पुढचं मग.


२० फेब्रुवारी

परवा पत्र अर्धं टाकून निघाले. तेच पुढे लिहिते.

मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने पोट दाबून बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. लगेच सोनोग्राफी. यकृतात पू झालाय, संत्र्याएवढा. आणखी चार दिवस गेले असते तर आत फुटलं असतं, असं ती मला बाजूला घेऊन म्हणाली. त्याच दुपारी सुईने पू काढला, मग नळी बसवली. पलंगाखाली बाटली आहे, ती मला बघवत नाही. पण काल संध्याकाळी ताप आला नाही. आज अर्धी वाटी भात खाल्ला आणि भात कच्चा आहे म्हणून नर्सला बोलले. हृदयाचं विचारलं, तर डॉक्टरीण हसली. चाळिशीतल्या माणसासारखं आहे म्हणाली.

त्या पहिल्या डॉक्टरला तरी काय बोलू? काळजात दुखतं, असं त्याला मीच सांगितलं. अण्णांच्या वतीने उत्तर दिलं ते मी. रात्रंदिवस तेच डोक्यात घोळतंय. पण बारक्या, तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं.

असो. आशीर्वाद उरले आहेत, घे.

ताई


२४ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातलं ‘तुला ठाऊक होतं’ हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

ते कार्ड माझ्यासमोर आहे. वर माझ्याच सुबक अक्षरात यकृत हा पहिला अर्थ. खाली दुसऱ्या अर्थापुढे अण्णांचं वाक्य. दोन्हींमध्ये दोन बोटांचं अंतर. हा अर्थ मटणवाल्यांत जिवंत आहे म्हणून मी कचेरीत भांडत होतो, आणि मला माहीत असलेला एकच मटणवाला तोच शब्द बोलला तेव्हा मी तो दुसऱ्या अर्थाखाली घातला. त्याच दिवशी तुला दोन ओळी लिहिल्या असत्या, की ताई, नेमकं कुठे ते विचार, तर त्यांचे आठवडाभराचे हाल वाचले असते. ठोका चुकण्यावरच्या त्या विनोदाला उत्तर शोधण्यात मी गुंग होतो.

प्रधान संपादकांना सगळं सांगितलं. वाटलं होतं की आता पुरावा मिळाला म्हणून मला बरं वाटेल. काहीच वाटलं नाही. त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली, ताप उतरला का ते विचारलं आणि रजेचा अर्ज स्वतःच पुढे सरकवला. पहिला अर्थ राहणार आहे. खरं सांगू, या घडीला मला त्याचं काही नाही.

पुढच्या आठवड्यात शनिवारी येतो. कार्डाचं अण्णांना तू सांगू नकोस, मी सांगेन. नाही, तूच सांग. मला बघून तोंड फिरवणार असतील तर आधी कळलेलं बरं.

आणि ताई, तू उत्तर दिलंस कारण तू तिथे होतीस. ज्याने द्यायचं तो इथे कार्डं लावत बसला होता. यापुढे स्वतःला दूषण दिलंस तर मी भांडायला येईन.

तुझ्या मायेला किती पात्र आहे ते ठाऊक नाही, तरी मागतो.

बारक्या


२८ फेब्रुवारी

बारक्यास आशीर्वाद.

तुझं पत्र ताईने वाचून दाखवलं. नको म्हटलं तरी वाचलं. तुम्हा दोघांच्या पत्रांत सगळीकडे मीच आणि मला कुणी विचारत नाही, म्हणून हे स्वतः लिहितो आहे. अक्षर वाकडं आहे. हाताला सुई आहे.

कार्डाचं कळलं. चिडलो. मग झोप लागली. उठलो तेव्हा तेवढा चिडलेलो नव्हतो.

ताई रोज रडते आणि मग माझ्यावरच ओरडते. तिला मी सांगितलं की तिची चूक नाही. डॉक्टरने विचारलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. सरळ बोट दाखवायला काय झालं होतं मला? ती ऐकत नाही. तू पुन्हा लिही. तुझं ऐकेल.

दुकान बंद केलं त्या दिवशी तू आला नाहीस, त्याचा राग आहे. तो या आजारात गेलेला नाही. पत्रात नको, समोर बसून बोलू. तुला बोलायचं असेल ते तूही बोल. मी मधे खोकणार नाही.

शनिवारी येऊ नकोस. शनिवारी नळी काढणार आहेत. त्या वेळी मी ओरडलो तर ते तू ऐकलेलं मला चालणार नाही. त्यापुढच्या मंगळवारी घरी ये, तोवर मी कपडे घालून बसलेला असेन. जिन्यावर धरायला माणूस लागेल. तुझे भावोजी चांगले आहेत, पण मला पोत्यासारखं धरतात.

किती दिवस राहणार ते उलट टपाली कळव. गादी किती दिवसांसाठी काढायची म्हणून ताई सारखी विचारते आहे. मी तिला पंधरा सांगून ठेवले आहेत.

अण्णा