एक सेंटीमीटर म्हणजे एक प्रकाशवर्ष

३ फेब्रुवारी
लेकीला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं आहे. सूर्य आणि आकाशातले वीस तेजस्वी तारे यांचा नकाशा, अंतरांसकट. ज्याचा सगळ्यात चांगला, त्याला वेधशाळेच्या शिबिराला पाठवणार. तिला जायचंच आहे. मी मदत करणार. फक्त मदत. गेल्या वर्षीची पवनचक्की अख्खी मीच केली होती आणि बाईंनी ते ओळखून तिला शून्य दिलं. तो विषय घरात बंद आहे.

४ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
कागदावर नकाशा म्हणजे पोरखेळ. मी बावीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात कपाटांची ड्रॉइंग काढतोय, उगाच नाही. तारे हॉलमध्ये टांगायचे, अगदी मापात. एक सेंटीमीटर म्हणजे एक प्रकाशवर्ष. बायकोला भीत भीत विचारलं, हॉल अडवला तर चालेल का. लगेच हो म्हणाली. चांगले दोन आठवडे घ्या म्हणाली. सतरा वर्षांनी का होईना, हिला माझी किंमत कळली.

६ फेब्रुवारी
पंखा काढून त्या हुकाला पिवळा बल्ब लावला. हा सूर्य. तारे म्हणून हिच्या डब्यातली बटणं, कमी पडली ती माझ्या कोटाची. लेकीने विचारलं, मी काय करू. बटणं पुसायला दिली. दहा पुसली आणि आत निघून गेली. आजकालच्या मुलांना चिकाटी म्हणून नाही.

८ फेब्रुवारी
व्याध, श्रवण, अभिजित, स्वाती टांगले. आमच्या कामात माप नेहमी भिंतीच्या डाव्या कोपऱ्यापासून घेतात. हात आपोआप तिथे जातो. व्याध साडेआठ सेंटीमीटरवर आला, म्हणजे चपलांच्या स्टँडच्या वर. लेक दारातून काहीतरी सांगायला बघत होती. माप चालू असताना मधे बोलायचं नाही, असं तिला सांगितलं. शिस्त लागायला हवी.

११ फेब्रुवारी
राजन्य आठशे साठ सेंटीमीटरवर. म्हणजे भिंतीपलीकडे, शेजारच्या दंतवैद्यांच्या घरात. स्केल मी बदलणार नाही. त्यांच्याकडे गेलो, एक बटण टांगू द्या म्हटलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला झोप नीट लागते का, असं विचारलं. वैज्ञानिक दृष्टीच नाही लोकांना.

१३ फेब्रुवारी
शोध लागला! बरेचसे तारे चपलांच्या स्टँडवर दाटीवाटीने जमलेत आणि सूर्याच्या अवतीभवती शुकशुकाट. म्हणजे आपण आकाशगंगेच्या ओसाड भागात राहतो. इतकी वर्षं हे कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही? वेधशाळेला पत्र लिहायला घेतलं. लेकीचं शिबिर तर पक्कंच. मलाही भाषणाला बोलावतील. कोट शिवावा लागेल, जुन्याची बटणं वर आहेत.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी ५
पत्र दोघींना वाचून दाखवलं. लेक म्हणाली, बाबा, ती अंतरं सूर्यापासूनची आहेत. तुम्ही कोपऱ्यापासून मोजलीत. दहा मिनिटं वाद घातला. मग हॉलमध्ये जाऊन उभा राहिलो. कधी लक्षात आलं, विचारलं. आठ तारखेलाच, म्हणाली. पण तुम्ही बोलू दिलं नाहीत.

प्रोजेक्ट उद्या द्यायचंय. मी म्हटलं, घाबरू नकोस, सगळं उतरवून पुन्हा टांगतो. ती घाबरलेली दिसली नाही. आतून एक ड्रॉइंग शीट घेऊन आली. मधोमध सूर्य, भोवती वीस तारे, पेन्सिलीने नीट काढलेले. सोमवारीच झालं होतं म्हणे. सोबत शाळेचा फॉर्म. त्यात 'पालकांची मदत' या रकान्यात तिने लिहिलं होतं: आईने बाबांना हॉलमध्ये गुंतवून ठेवलं.

ही स्वयंपाकघरात भांडी लावत होती. जरा जास्तच आवाज करत.

वाईट वाटलं. बरंच वाईट वाटलं. पण त्या रकान्यात खोटं एक अक्षर नव्हतं. खाली पालकाची सही हवी होती, ती केली. मग विचारलं, एकदा मापं तपासून बघू का, हात लावणार नाही, नुसती बघतो. तिने पट्टी दिली, स्वतःचं बोट सूर्यावर ठेवलं आणि म्हणाली, इथून. वीसच्या वीस मोजले. एकही चुकला नव्हता.