खारूताईस, शहरांवरच्या पुस्तकांबद्दल

प्रिय खारूताई,

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे, तुझा रक्तदाब आणि तुझी सून ही तिघंही ताब्यात असतील अशी आशा करते. माझं बरं चाललंय. जिना चढून आले की तुझ्या बंद दारापाशी जरा टेकते. (लोकांना सांगते, दम लागला.)

तू लिहिलंस की तुमच्या त्या गगनचुंबी इमारतीत बायकांनी वाचनमंडळ काढलंय, विषय आहे शहर आणि तिथलं जगणं, कथा-कादंबऱ्या नकोत, खरीखुरी माहिती देणारी पुस्तकं सुचव. आणि त्याच पत्राच्या तळाशी, उरलेल्या चिमूटभर जागेत, की तुझ्यासमोरचं माझं घर विकायला काढलंय, गिऱ्हाईक येईल त्याला दाखव, किल्ली तुझ्याकडे आहेच. आपल्याला खारूताई आणि जिराफ ही नावं पडली त्या शाळेतही तुझं असंच होतं. निबंधात चार पानं सहलीचं वर्णन आणि शेवटच्या ओळीत कळायचं की बस दरीत जाता जाता वाचली!

असो. पहिलं पुस्तक पाणीखात्यातून निवृत्त झालेल्या एका इंजिनिअरचं. शहराखालच्या नळांबद्दल माणूस इतक्या मायेने लिहितो की वाचून मी जिन्यातल्या पाइपाला कान लावून उभी राहिले. वर कोण आंघोळ करतंय, खाली कोण भांडी घासतंय, सगळं ऐकू येतं गं! नेमके खालचे दातांचे डॉक्टर वर आले. म्हणाले, "कान दुखत असेल तर माझा इलाज नाही, मी दातांचा." तुझ्या नळाचा आवाज तेवढा येत नव्हता, हे त्यांना काय सांगू?

दुसरं एका प्राध्यापिकेचं. ही बाई वर्षभर एकाच चौकात बसली आणि कोण कुणाशी थांबून बोलतं ते टिपत राहिली. तिचं म्हणणं, काम नसताना माणसं जिथे थांबतात तिथे शहर जिवंत असतं. मलाही हुरूप आला. शिंप्याच्या दुकानाबाहेर स्टूल टाकून बसले. लोक मला चौकशीची खिडकीच समजले. एका म्हातारबुवांना मी चष्म्याच्या दुकानाऐवजी नृत्याच्या क्लासला पाठवलं. (ते परत आलेले नाहीत. रमले असावेत.) शेवटी शिंपी म्हणाला, "बाई, बसलाच आहात तर एवढी बटणं लावा." आपण दोघी तिथे तासन्‌तास उभ्या राहायचो, तेव्हा त्याने कधी बटणं दिली नव्हती. एकटी बाई बसली की जगाला ती रिकामी वाटते.

तिसरं उंच इमारतींवरचं. त्यात लिहिलंय की लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे न बघता मजल्याच्या आकड्यांकडे बघतात. हे मंडळात मोठ्याने वाच, शक्यतो लिफ्टमध्येच.

पुस्तकांची नावं मुद्दाम देत नाही. दिली तर तू घरबसल्या मागवशील. तिन्ही माझ्या कपाटात आहेत, येऊन ने.

आता गिऱ्हाइकाचं. काल एक जोडपं आलं. मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं, एक शब्द खोटा बोलायचा नाही (शाळेतल्या सिस्टरांची फूटपट्टी अजून आठवते), पण खरं मात्र सगळं सांगायचं. पहाटे पाववाल्याचं शटर खडखडतं, वास थेट उशीपर्यंत येतो. शिंप्याचा रेडिओ दिवसभर चालू. दातांच्या दवाखान्यातून अधूनमधून किंचाळ्या. आणि स्वयंपाकघराची खिडकी माझ्या खिडकीसमोर, त्यामुळे तुम्ही जेवलात की नाही ते मला दिसणार, आणि नसलात तर मी विचारणार. ऐकता ऐकता त्या बाईचे डोळे भरून आले. म्हणाली, "अहो, आम्ही राहतो तिथे शेजारी कोण आहे हेच माहीत नाही. हेच घर घेऊ या ना!" नवरा मला बाजूला घेऊन विचारतो, "काकू, तुम्ही दलाली कशी घेता?"

म्हणजे मीच तुझं घर विकलं की काय, या विचाराने मला जेवण गेलं नाही. (समोरच्या खिडकीत विचारायलाही कुणी नव्हतं.)

सूनबाईंना आशीर्वाद.

तुझी,
जिराफ

ता. क. : रविवारी ते दोघे तुला फोन करतील. लगेच हो म्हणू नकोस. तुझा मुलगा म्हणेल, रिकामं घर ठेवून करायचं काय. बरोबरच आहे त्याचं. पण आधी एकदा ये, आपली खिडकी उघडून बस, आणि मग ठरव. तरीही विकावंसं वाटलं तर यांनाच विक. माणसं चांगली आहेत. तीच तर पंचाईत आहे. वाईट असती तर मी बघून घेतलं असतं.

ता. ता. क. : ती बाई आत्ता पुन्हा येऊन गेली. मी चहात साखर किती घेते ते विचारत होती. मी अजून सांगितलेलं नाही. पण मला तू ओळखतेस, कुणी दुसऱ्यांदा प्रेमाने विचारलं की मी सांगून टाकते. तेव्हा शनिवारीच ये.